मुलानं आईजवळ कबूल केलं, पण आळ राखणदारावर आलाय. आता काय करायचं?

ताई, तुमचं लिहिणं मोठं आहे आणि घाईत लिहिलेलं दिसतं, म्हणून इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडते. मुलगा सोळाव्या वर्षात. दहावीची परीक्षा झाली, निकाल यायचाय. एप्रिलच्या शेवटी एका रात्री 'मित्राकडे झोपायला जातो' सांगून गेला आणि वाडीतल्या तिघांबरोबर बागेत शिरून हापूस काढला. दोन क्रेट भरले, हायवेवरच्या स्टॉलवाल्याला विकले, पैसे हॉटेलात आणि रिचार्जवर उडाले. बाग तुमच्या भावकीतल्याच काकांची. काकांचा संशय गेला तो बागेतल्या नेपाळी राखणदारावर. त्याचा महिन्याचा पगार अडवलाय आणि पुढच्या हंगामाला येऊ नको म्हणून सांगून टाकलंय. काका चौकशीला आले तेव्हा मुलगा नुसता 'मला माहीत नाही' म्हणाला नाही. 'राखणदाराकडे रात्री कोण तरी टेम्पो घेऊन येतं' हे चौघांनी मिळून ठरवलेलं वाक्यही बोलून बसला. आता जेवत नाही, रात्री पडवीत बसून राहतो. तुम्हाला सगळं सांगितलं, पण आधी स्वतःची शपथ घालून. त्याचे बाबा नालासोपाऱ्याला. सासूबाईंना कुणकुण लागलीय, त्या म्हणतायत देवळात नेऊन कौल लावा. तुमचे प्रश्न असे: गप्प बसू का, बाबांना सांगू का, ही मुलं तोडू का, आणि पोलिसांत गेलं तर अकरावीचं काय.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांमधून मुलांच्या समुपदेशनाचं काम करते. आंब्याच्या चोऱ्या, क्लासच्या नावाखाली बीचवर जाणं, फीचे पैसे उडवून 'हरवले' म्हणणं, दुसऱ्याच्या मोबाइलवरून नको ते पाठवणं, हे माझ्याकडे येतच असतं. तुमच्या मुलाची चोरी त्यात फार वेगळी नाही. वेगळं आहे ते टेम्पोचं वाक्य.

म्हणजे असं, की तुम्ही 'मुलगा खोटं बोलला' हा प्रश्न म्हणून मांडलाय, मला खरा प्रश्न त्याच्या पुढचा दिसतो. चोरी चौघांनी केली आणि पावती पाचव्याच्या नावावर फाटली. तो पाचवा परक्या मुलखातला, त्याच्या बाजूनं बोलायला वाडीत कोणी नाही, आणि हे चौघांनाही पक्कं माहीत होतं. म्हणून तर वाक्य त्याच्यावर रचलं गेलं. तुमच्या मुलाची झोप उडालीय ती आंब्यांमुळे नाही. आपण एका माणसाला बुडवलं हे त्याला कळलंय. चोरी करून आरामात झोपणारी मुलंही मी पाहिलीत, तेव्हा हे न झोपणं वाईट लक्षण समजू नका. फक्त ते फार दिवस नुसतंच कुजत ठेवायचं नसतं.

आणि दिवस मोजकेच आहेत. मृग लागायच्या आत बागा उरकतात, राखणदार आपापल्या गावी परततात. एकदा तो माणूस गाडीत बसला की तुमच्या मुलाला तोंडावर काही सांगायची सोय उरत नाही. शिवाय या लोकांना काम मिळतं ते ओळखीवर. एका बागायतदारानं दुसऱ्याला सांगायचं, 'माणूस चांगला आहे, ठेवा.' तसंच 'त्याला ठेवू नका'ही एका हंगामात तालुकाभर पोहोचतं. म्हणून 'निकाल लागू दे, मग बघू' हे मला अजिबात पटत नाही.

आता मित्रांचं. तुम्ही लिहिलंय, 'त्यांनी त्याला जबरदस्तीनं नेलं असणार.' असेलही. पण बहुतेक वेळा जबरदस्ती शोधून सापडत नाही, आणि सापडली नाही की आईबापांना वाटतं, म्हणजे आमचाच पोरगा मुळात वाईट. दोन्ही तसं नसतं. अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग या दोन संशोधकांनी २००५ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा खेळ दिला, काहींना एकट्यानं आणि काहींना मित्र शेजारी बसवून. १३ ते १६ वयाची मुलं मित्र पाहत असताना खूप जास्त धोका पत्करत होती. चोविशीच्या पुढच्या माणसांना मित्र शेजारी असल्या-नसल्यानं फारसा फरक पडत नव्हता. मुलांना धोका कळत नाही असं नाही, कळतो. पण चार डोळे पाहतायत म्हटल्यावर त्या घटकेला दुसरंच काहीतरी जास्त किमती होऊन बसतं. आपल्याकडे त्याला फार तर 'काय रं, फाटली काय?' एवढे चार शब्द लागतात. कधी तेही लागत नाहीत, नुसतं हसणं पुरतं.

म्हणून 'तुला कोणी नेलं?' हा प्रश्न त्याला विचारू नका. त्याचं उत्तर त्यालाही धड माहीत नसतं, आणि विचारलात की तो एक तर मित्रांना वाचवायला लागतो, नाही तर सगळं त्यांच्यावर ढकलतो. दोन्हींत त्याचा स्वतःचा वाटा गायब होतो.

मित्र तोडायचे का? शहरातल्या समुपदेशकानं कदाचित 'हो' सांगितलं असतं. वाडीत ते होत नाही. याच मुलांबरोबर तो शिमग्यात पालखी नाचवणार, गणपतीत घरोघर आरत्यांना फिरणार, त्यांच्याच टीममधून टेनिस बॉलच्या टुर्नामेंट खेळणार. एक तर चुलतभाऊच असेल. तुम्ही 'त्यांच्यात जायचं नाही' म्हणालात तर तो जाणारच, फक्त तुम्हाला न सांगता, म्हणजे आणखी एक खोटं तुम्हीच त्याच्या हातात दिलंत.

त्याऐवजी दुसरं बघा. १९५० च्या आसपास सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञानं केलेले प्रयोग आहेत. कागदावरच्या रेघांतली कुठली तेवढ्याच लांबीची, एवढंच सांगायचं. खोलीतली बाकीची माणसं आधीच ठरवून, एकमुखानं चुकीचं उत्तर देतात. अशा वेळी डोळ्यांना स्पष्ट दिसत असूनही लोक जवळजवळ एक तृतीयांश वेळा त्यांच्यासारखंच चुकीचं बोलले. पण खोलीतल्या एकानं जरी बरोबर उत्तर दिलं तरी हे प्रमाण धाडकन खाली आलं. मला कामात याचा फार उपयोग झालाय. चार पोरांच्या टोळक्यात दुसरा एक कच्चा दुवा असतोच, त्यालाही झोप लागत नसते, पण दोघांनाही वाटत असतं की बाकी तिघं पक्के आहेत. तुमच्या मुलाला विचारा, 'चौघांत तुझ्यासारखं आणखी कोणाला वाटत असेल?' नाव तुम्हाला नको. त्यानं मनात एक नाव आणलं तरी पुरे. त्या एकाशी तो एकटा बोलला, व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही, समोरासमोर, तर अर्धं काम तिथे होतं.

शपथेचा गुंता आधी सोडवा, कारण तुमचे हात तिथे बांधले गेलेत. त्याच्या नकळत नवऱ्याला फोन करू नका. त्यानं विश्वासानं सांगितलं, तुम्ही पाठीमागून फोडलंत, की पुढची पाच-सहा वर्षं तो तुम्हाला काही सांगणार नाही, आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत सांगण्यासारखं बरंच घडणार असतं. पण शपथ पाळून गप्पही बसू नका. त्याला स्पष्ट सांगा: 'शपथ घेतली तेव्हा मला माहीत नव्हतं की यात दुसऱ्या माणसाची रोजीरोटी आहे. मी तुझ्या पाठीमागे कोणाला सांगणार नाही. पण हे असंच राहू देणार नाही. शनिवारपर्यंत तू सांगायचं, मी तुझ्या बाजूला उभी राहीन. नाही जमलं तर मी सांगेन, आणि ते तुला आधी सांगून.' एवढंच. पुन्हा पुन्हा नाही.

हे बोलताना आवाज कसा राहतो त्यावर बरंच अवलंबून असतं. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांचं २०११ चं एक काम आहे, पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांमधलं. एका शाळेत बारीकसारीक चुकांनाही मार होता, दुसरीत नव्हता. मार खाणाऱ्या शाळेतली मुलं जास्त प्रमाणात खोटं बोलली, आणि विशेष म्हणजे जास्त सफाईनं बोलली. याच ली यांच्या गटानं २०१४ मध्ये मुलांना गोष्टी सांगून पाहिल्या. 'लांडगा आला रे आला' ऐकलेल्या मुलांवर काही परिणाम दिसला नाही. जिच्यात खरं बोलणाऱ्याचं कौतुक होतं ती गोष्ट ऐकलेली मुलं मात्र जास्त खरं बोलली. हे प्रयोग लहान मुलांवरचे आहेत, सोळा वर्षांच्या पोरावर जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण घरातल्या मोठ्यांचा कल मला रोज दिसतो: सगळ्यांच्या तोंडी लांडगाच असतो. 'आता तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार?' हे वाक्य तुम्ही बोलला असाल तर पुन्हा बोलू नका. विश्वास उरलाच नाही म्हटल्यावर खरं सांगून त्याला मिळणार काय?

तुम्ही लिहिलंय, 'आम्हाला तोंड दाखवायला जागा उरणार नाही.' ताई, हे तुमचं दुःख आहे, खरं आहे, पण ते त्याच्या पुढ्यात नका ठेवू. माझ्याकडे येणाऱ्या मुलांत मी पहिली गोष्ट हीच बघते, की मूल 'मी चोरी केली' म्हणतंय की 'मी चोर आहे' म्हणतंय. पहिलं म्हणणारं मूल भरपाईला तयार असतं. दुसरं म्हणणारं लपायला लागतं, चिडतं, नाही तर स्वतःवर उलटतं, आणि पहिलं म्हणणाऱ्या मुलाला या दुसऱ्या बाजूला ढकलायला घरातली दोन-तीन वाक्यं पुरतात.

सासूबाईंच्या कौलाबद्दल. मी देवस्कीची चेष्टा करणारी नाही, आमच्याही घरी कौलाशिवाय मोठं काम ठरत नाही. पण इथे नको, आणि कारणं दोन. कौल लावताना मानकरी, पुजारी, चार माणसं असतात, म्हणजे ती कबुली जाहीर झाली. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. देवापुढे गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला, चुकलं-माकलं माफ कर म्हटलं, की मुलाला हलकं वाटतं, घरच्यांनाही वाटतं. राखणदाराचा पगार मात्र अडलेलाच राहतो. सासूबाईंना सांगा, आधी माणसाचं देणं देऊ, मग नारळ ठेवायला आपण सगळे जाऊ. बहुतेक आज्यांना हे पटतं.

गावच्या बैठकीत उभं करणं तर त्याहून वाईट. एका मुलाला त्याच्या वडिलांनी बैठकीत सगळ्यांसमोर नाक घासायला लावलेलं मला ठाऊक आहे. चूक लहानशी होती, देवळाच्या वर्गणीतले थोडे पैसे. त्या मुलानं पुढे शाळाच सोडली, मुंबईला मामाकडे गेला आणि सणालाही गावी यायचा बंद झाला. कबुली द्यायची ती ज्याचं नुकसान झालं त्याला. बाकी गावाचा त्यात संबंध नाही.

तर मग प्रत्यक्षात कसं करायचं. आधी त्याला लिहायला लावा. वहीचं एक पान, त्या रात्री त्यानं काय केलं तेवढंच. मी माझ्याकडे येणाऱ्या मुलांना अट घालते: 'आम्ही' हा शब्द वापरायचा नाही. सोपी वाटते, पण फार अवघड जाते. आठवीतल्या एका मुलाचं पान अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. पहिल्या चार ओळींत सगळीकडे 'आम्ही', मग पेनानं खोडून वर 'मी', आणि क्रियापदं तशीच राहिलेली: 'मी गेलो' ऐवजी 'मी गेलोत'. मध्येच थांबून मला म्हणाला, 'बाई, आंबे मी नाय काढले, मी खाली पोतं धरलेलं.' म्हटलं, मग तेवढंच लिही. त्यानं ते लिहिलं, पेन ठेवलं आणि बराच वेळ ओठ दाबून बसला. आपला वाटा नेमका किती, हे त्याला पहिल्यांदा दिसत होतं. नको तेवढा मोठा नाही, नको तेवढा लहानही नाही.

पान लिहून झालं की तेच सांगायला वापरता येतं. तोंडानं बोलता येत नसेल तर चिठ्ठी दिली म्हणून कमीपणा नाही. गांधीजींनी पंधराव्या वर्षी भावाच्या कड्यातलं सोनं चोरलं होतं, भावावर झालेलं पंचवीसेक रुपयांचं कर्ज फेडायला. वडिलांपुढे बोलायचा धीर होईना म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहून हातात दिली, शिक्षाही मागितली. आजारी वडिलांनी ती उठून बसून वाचली, डोळ्यांतून पाणी आलं आणि चिठ्ठी फाडून टाकली. त्याआधी एका मित्राच्या नादानं चोरून मांस खाणं आणि घरी येऊन आईला 'भूक नाही' सांगणं हेही झालं होतं. हा प्रसंग तुमच्या मुलाला मुद्दाम सांगा असं नाही, पण त्याच्या बाबांना जरूर सांगा.

बाबांना फोन त्यानंच करायचा, तुम्ही शेजारी बसून, स्पीकर न लावता. आधी तुम्ही नवऱ्याला एवढा मेसेज टाका: 'तो तुम्हाला काही सांगणार आहे. वाईट आहे, पण स्वतःहून सांगतोय. ऐकून घ्या, रात्री आपण बोलू.' नालासोपाऱ्याहून लोकलच्या गर्दीत उभ्या असलेल्या माणसाला हा फोन जाऊ नये, एवढं वेळेचं भान ठेवा. बाबा फार तापट असतील, मारझोड करणारे असतील, तर हा क्रम बदला: आधी काका, मग बाबा. तुम्ही ते लिहिलेलं नाही, म्हणून दोन्ही सांगते.

काकांकडे जायच्या आदल्या दिवशी त्यानं मित्रांना सांगायचं. 'मी उद्या काकांकडे जाणार. माझ्यापुरतं सांगणार, तुमची नावं घेणार नाही. यायचं तर या.' हे न सांगता गेला तर वाडीत त्याच्यावर फितुरीचा शिक्का बसेल आणि तो वर्षानुवर्षं पुसला जाणार नाही. सांगून गेला तर शिव्या खाईल, कदाचित महिनाभर कोणी बोलणार नाही, पण पुढे बोलतात. माझा अनुभव असा, की तो कच्चा दुवा बरेचदा सोबत येतो. न आल्यास एकट्यानं जायचं. मित्रांकडे व्हिडिओ वगैरे काही असेल आणि ते धमकावत असतील, तर मात्र हे पोरांचं भांडण राहत नाही. अशा वेळी मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनला फोन करा, थांबू नका.

काका विचारणारच, 'बाकीचे कोण?' मुलानं म्हणायचं, 'त्यांचं ते सांगतील काका.' इथे काही पालक मला म्हणतात, बाई, हे पण लपवणंच झालं. मला तसं वाटत नाही. त्याच्या कबुलीनं राखणदार सुटत असेल तर बाकीची नावं सांगायची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. पण जिथे राखणदाराचा प्रश्न येईल तिथे एक कणही राखून ठेवायचा नाही. 'तो पण सामील असणार' असं काका म्हणाले तर बारीकसारीक सगळं सांगायचं: व्हाळाच्या बाजूचा गडगा कुठे ढासळलाय, तिथून आत कसं शिरलो, राखणदार तेव्हा बागेच्या कुठल्या टोकाला बॅटरी मारत होता, कुठल्या कलमाचे काढले. खोट्यात असा तपशील नसतो, बागायतदाराला तो ओळखता येतो. आणि टेम्पोचं वाक्य खोटं होतं, ते आम्ही रचलं होतं, हे त्यानं त्याच शब्दांत म्हणायचं. 'ते पण चुकलं' एवढ्यावर भागणार नाही. या एका वाक्यात 'आम्ही' चालेल, कारण ते खरोखरच सगळ्यांचं होतं.

त्यानंतर राखणदार. काकांच्या समोर, त्याच्या खोपीवर जाऊन. 'माझ्यामुळे तुमचा पगार अडला. मी खोटं बोललो.' मोडक्या हिंदीत बोलला तरी चालेल. तो माणूस कदाचित चिडेल, कदाचित काहीच बोलणार नाही, कदाचित 'कोई बात नहीं' म्हणेल. त्यानं माफ केलंच पाहिजे अशी अपेक्षा मुलाच्या मनात ठेवू नका. तो आधीच गेला असेल तर नंबर काकांकडे किंवा शेजारच्या बागेतल्या राखणदाराकडे नक्की मिळेल. फोन करायचा, पैसे खात्यावर पाठवायचे. आणि काकांना हात जोडून विनंती करायची, की आजूबाजूच्या बागायतदारांना त्यांनी स्वतः सांगावं, माणूस निर्दोष होता. हे काम मुलगा करू शकत नाही, तुम्हीही नाही, काकांनीच करायला हवं.

पैशांचं. काकांच्या आंब्यांची किंमत आणि अडवलेला पगार हे दोन वेगळे हिशेब आहेत. काकांनी पगार दिला तर प्रश्न मिटला. दिला नाही, कुरकुर केली, तर तुम्ही तो लगेच भरा, कारण त्या माणसाला थांबता येणार नाही. आंब्यांची भरपाई मुलानं करायची, त्याच्या वाट्याची, आणि तुमच्याकडून उसनी घेतली तर तुम्हाला फेडायची. कशी? रातांबे काढून, फोडून आमसुलं घाला, विकली जातात. काकांच्याच बागेत पेट्या भरायला जाऊ दे, ते हो म्हणाले तर. पावसाआधीचं लाकूडफाटा भरणं घरोघर निघतं. कलमावर चढवू नका, भरपाईच्या नादात पोरगा पडायचा. मोबाइल काढून घेणं, क्रिकेट बंद करणं या शिक्षा मी टाळते. त्यांनी भरपाई होत नाही, फक्त हिशेब चुकता झाल्यासारखं वाटतं.

पोलिसांची भीती. अठरा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी २०१५ चा बाल न्याय कायदा आहे. अशा प्रकरणात मुलाला नेहमीच्या कोर्टात उभं करत नाहीत, बाल न्याय मंडळापुढे नेतात. मंडळ समज देऊ शकतं, समुपदेशनाला पाठवू शकतं, समाजसेवा सांगू शकतं, पालकांना दंड करू शकतं. विशेषगृहात, म्हणजे मुलांच्या सुधारगृहात, ठेवण्याची तरतूद आहे, पण ते टोकाचं. मुलाचं नाव छापायला बंदी आहे, आणि चोरीसारख्या प्रकरणामुळे पुढे शिक्षणाला किंवा नोकरीला अपात्र ठरवता येत नाही. तेव्हा अकरावीच्या ॲडमिशनची काळजी सोडा. चौघांत एखादा अठरा पूर्ण झालेला असेल तर त्याच्यासाठी नेहमीचा कायदा, अशा वेळी वकिलाशी बोलून मगच पुढे जा. भावकीतलं प्रकरण काका पोलिसांत नेतील असं मला वाटत नाही. पण उद्या काकांनी राखणदाराविरुद्ध तक्रार दिली, तर तो सज्ञान आहे. तुमच्या मुलाला जो कायदा सांभाळून घेतो, तो त्याला घेणार नाही.

सगळ्याच्या आधी एक तपासा. मुलगा 'मी नसतो तर बरं झालं असतं' अशा अर्थाचं काही बोललाय का, आवडीच्या वस्तू कोणाला देऊन टाकतोय का, अंगावर जखमा दिसतात का, रात्री पडवीतून उठून विहिरीकडे किंवा समुद्राकडे एकटा जातो का? यातलं एकही असेल तर वर सांगितलेलं सगळं बाजूला ठेवा, शनिवारची मुदतही, आणि त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, दिवसरात्र चालू, फुकट, मराठीत बोलता येतं. सरकारी ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथे न्या. सरळ विचारायला घाबरू नका: 'जिवाचं काही करून घ्यावंसं वाटतं का?' विचारल्यानं कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट मूल सुटल्यासारखं बोलतं.

नुसती भूक मंदावणं आणि जागरण असेल तर मात्र मी थांबणार नाही. मी पाहिलेल्या बहुतेक मुलांची झोप कबुलीच्या रात्रीच परत आली. जेवण परतायला थोडे दिवस लागतात, तोवर ताटावर बसून आग्रह करू नका.

काकांकडे जायची वेळ तेवढी बघून ठरवा. सकाळी तोड चालू असते, दुपारभर आंबा निवडणं आणि पेट्या भरणं, त्या घाईत कोणाचंच डोकं ठिकाणावर नसतं, चार गडी माणसंही आजूबाजूला असतात. संध्याकाळी वाशीच्या मार्केटचा माल चढवून गाडी निघून गेली, की काका ओट्यावर चहा घेत बसतात आणि राखणदारही रात्रीच्या फेरीआधी मोकळा असतो. त्या वेळी जा, तुम्ही आणि मुलगा, दोघंच; तो मित्र आला तर तिघं.